चालण्याचा गुण

— न्हाई न्हाई, डाक्टर, तुमचं ते लघवी तपासायचं निळं पानीच शिळं झालं असंल. परत तापवा. दुसरी नळी घ्या. मागल्या खेपंला हिरवट आलं हुतं, तुमी सोता म्हनला, काकासाहेब, सुधारना हाय, असंच चालत ऱ्हावा — आन चाललो की मी! थंडी बघितली न्हाई, ऊन बघितलं न्हाई, रोज सकाळी उठून चाललो. आन आता हे इटकरीवानी लाल? जो मानूस खाटंवर पडून ऱ्हातो त्येचं लाल यावं, चालनाऱ्याचं का यावं? सांगा बरं. तुमचा कंपाउंडर बाटल्यांची अदलाबदल तर करीत न्हाई? न्हाई, मी आपलं इचारलं. रागावू नका. दार तेवढं लोटून घ्या, भाईर मानसं बसलीत, आपलं बोलनं त्येंच्या कानावर जायला नको. जीपसुदीक मी गल्लीच्या तोंडाशी उभी केलीय, वस्तीवरल्या गोरक्षला तिथंच बसवलंय. गावात सांगून आलोय, श्रीरामपूरला जातो, छापखान्यात काम हाय.

पथ्य? पथ्य सगळं चालू हाय की. आमच्या मंडळींना, छबूबाईला इचारा. सकाळी उठल्या उठल्या कारल्याचा रस म्होरं धरती, मी डोळं मिटून घेतो. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वरनं जांभळाच्या बियांची भुकटी. भात बंद, गूळ बंद, आंबा तर तिनं कपाटात कुलूप लावून ठेवलाय, आन चावी कमरंला. गोळी रोज घेतो. मी काय तुमचं ऐकत न्हाई असं म्हनू नका. पहिल्या दिवशी तुमी काय म्हनला, ते मला पाठ हाय — हा रोग बरा व्हत न्हाई, पन ह्याला सावकाश चालवता येतंय. मी छबूबाईला तसंच समजावून सांगितलं. ती रडायला लागली, म्हनली, मग औशीद कशाला? म्हनलं, अगं, हे शेतावर कूळ लागल्यागत हाय. एकदा लागलं की निघत न्हाई, कोर्टात गेलं तरी न्हाई. आपन फकस्त नजर ठेवायची, त्येला बांध कोरू द्यायचा न्हाई. तवा कुठं ती गप झाली. लोकांचं पन असंच हाय बघा. रोग म्हनलं की लोक दोनच गोष्टी इचारतात — बरा कवा व्हनार, न्हाईतर पोरं केवढी हायेत. ह्यो मधलाच रोग, मारतबी न्हाई आन सोडतबी न्हाई, ह्यो कुनाला समजतच न्हाई. आन आमच्या घराला तर लईच भ्याव. आमच्या थोरल्या चुलत्याला हेच झालं हुतं. नगरला नेऊन पाय काढला. लई दांडगा मानूस, पन नंतर वसरीला बसून ऱ्हायचा आन जानाऱ्या-येनाऱ्यांच्या पायांकडं बघायचा. तोंडाकडं न्हाई, पायांकडं. म्हनून तर मी तुमच्याकडं आलो, डाक्टर. मला मरायचं भ्याव न्हाई, पन तसं वसरीला बसायचं भ्याव हाय.

तर चालन्याचं ऐका. तुमी शेरातली मानसं, तुमी म्हनता चाला, आन मानूस चालतो. आमच्याकडं असं चालता येत न्हाई! बिनकामाचं चालताना मी आजवर कुनाला बघितलं न्हाई. बैलामागं चालतील, बाजाराला चालतील, मयताला चालतील. पन नुसतंच? पहिल्या दिवशी काठी घेतली आन पाटाच्या कडंनं निघालो. म्होरनं एक जन आला, म्हनला, काका, कुठं निघालात सकाळच्या पारी? आता रोगाचं तर सांगायचं न्हाई. तोच म्हनला, बैल सुटला का काय? मला बरं वाटलं, मी म्हनलो, व्हय बाबा, बैल सुटला. झालं! त्यो पळाला आन वस्ती उठवली. सगळ्या वस्तीवरची मानसं काठ्या घेऊन उसात शिरली, पाटाच्या ह्या कडंला, त्या कडंला, वरडायला लागली. मी पन त्येंच्यात वरडत, करनार काय? बैल तर माझा गोठ्यात बसून रवंथ करीत हुता. आन दुपारच्याला, डाक्टर, गंमत ऐका, त्येंनी बैल आनला की! कुनाचा काय म्हाईत, चांगला खिलारी, आनून माझ्या दारात बांधला आन म्हनले, काका, सापडला. त्येचा मालक मग नेवाशाकडनं शिव्या देत आला. छबूबाईनं त्येलाबी जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता खोटं बोलायचं न्हाई. कुनी इचारलं कुठं, तर म्हनायचं, सहज. बस. आन ह्या एका सहजनं माझा घात केला. सहज म्हनून खेड्यात कोन फिरतं? काठी घेऊन, सदरा घालून, रोज सकाळी, एक दिवस ह्या वस्तीवर, दुसऱ्या दिवशी त्या वस्तीवर, हसून रामराम करीत? लोकांनी वळखलं. कारखान्याची निवडनूक जवळ आलेली. म्हनले, काका उभा ऱ्हातोय! मी न्हाई न्हाई म्हनलो, तर म्हनले, बघा कसा इनयशील मानूस हाय, खरा उमेदवार असाच न्हाई म्हनतो. आमच्या गटात कानिफनाथ म्हनून संचालक हाय. त्यो जीपमधनं खाली उतरत न्हाई, काच खाली करून रामराम घेतो. आन हितं मी पायी दारात! बायामानसं म्हनायला लागली, असा मानूस पायजे, गरिबाच्या दारात पायी येनारा. कानिफनाथानं तर घाबरून माझ्याकडं मानूस धाडला — काय पायजे ते बोला, पन चालायचं बंद करा. मी म्हनलो, चालायचं बंद करता येत न्हाई. त्यो मानूस घाम पुशीत गेला. त्येला वाटलं, लईच पक्का गडी हाय. मग काय, गोरक्ष आन चार पोरांनी अर्ज आनला, मी सही केली. खरं सांगू का? आवडायला लागलं हुतं. घरात मी आजारी मानूस हुतो, हे खाऊ नका, ते खाऊ नका, आन भाईर पडलो की मानसं हार घेऊन उभी.

आता चहा. तुमी सारखं चहाचं इचारताय, तर सांगतो. चहा हुतो. हुनारच की. दारात मानूस आला आन चहा न्हाई, असं आमच्याकडं बनत न्हाई. आन उमेदवाराला चहा म्हंजे कसा? सभासदांची सवलतीची साखर घराघरात हाय, सढळ हातानं टाकतात, चमचा उभा ऱ्हाईल असा. किती कप? मोजायला कोन बसतंय? एक वस्ती म्हंजे दहा दारं, एका दारात पिलो आन शेजारच्या दारात न्हाई, तर भावकी पेटली. ज्या घरात साखर न्हाई तिथं गुळाचा. गुळाचा चालतो ना? चालत न्हाई? बघा, हे तुमी आदी सांगायला पायजे हुतं. आन बिनसाखरेचा मागायचा म्हनताय! डाक्टर, इचार करा. साखर कारखान्याला उभा ऱ्हायलेला मानूस मतदाराच्या दारात बसून म्हनतो, मला साखर नको! कानिफनाथ लाडू वाटंल गावात. शेतकरी म्हनतील, आमी ऊस पिकवायचा आन ह्येला त्येची साखर नको, ह्येला काय चुलीत घालायचंय? म्हनून मी आपला पितो आन वरनं अर्धा कोस जास्तच चालतो. चालन्यात ते जिरत असंल, असा माझा हिशेब. जिरत न्हाई?

आन एक गोष्ट तुमाला सांगतो, ती कुनाला बोललो न्हाई. बौद्धवाड्यात गेल्तो. भीमा मास्तर हायेत तिथं, शाळंत शिकवतात, शहाना मानूस. आमच्या वाडवडलांनी तिथं पानी घेतलेलं न्हाई, खोटं कशाला बोलू? मीबी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेलो. मास्तरांनी खुर्ची दिली. त्येंच्या बायकोनं, राहीबाईनं, चहा आनला, कपबशी नवीकोरी. सगळी वस्ती भवती उभी, सगळ्यांची नजर माझ्या हाताकडं. मी कप उचलला आन नेमकी तुमची आठवन झाली. मनात म्हनलं, आजचा कितवा? आन हात थांबला. एवढंच, डाक्टर, हात थांबला. मास्तर शांतपनानं म्हनले, काका, नको असंल तर ठेवा, पन कारन सांगून ठेवा. आता काय सांगनार? साखर बाधती म्हनलो असतो, तर कुनाला खरं वाटलं असतं? म्हनले असते, सगळ्या गावाची साखर पचली, आमचीच बरी बाधली! प्यालो. बशीसकट प्यालो. आन म्हनलो, राहीबाई, आनखी एक आना. घरी येताना वाटंत लई लाज वाटली. माझा हात थांबला तो दुसऱ्याच कारनानं, असं त्येंना वाटलं, आन तसं वाटन्यात त्येंचं काय चुकलं? त्या दिवसापास्नं मी तिथं जरा जास्तच चहा पितो.

पाय? पायांचं काय काढलंत मधीच? पाय झकास हायेत. ही गोष्ट मातर तुमच्या चालन्यानं झाली, मी कुठंबी कबूल करीन. आदी काय, रात्री तळपाय आग आग करायचे, मुंग्या चालल्यागत व्हायचं, छबूबाई तेल चोळून दमायची. आता? एकदम गार. कायबी न्हाई. फुफाट्यातनं चालतो, ढेकळातनं चालतो, मला तर गादीवर चालल्यागत वाटतंय. बरोबरची तरनी पोरं तापलेल्या वाटंवर उड्या मारतात, म्हनतात, काका, पाय भाजत न्हाईत का? म्हनलं, कानिफनाथाचे भाजतील, हे चालनाऱ्याचे पाय हायेत. त्या दिवशी तर गंमतच झाली, चुलीम्होरं बसलो हुतो आन छबूबाई किंचाळली — आवो, पाय! आंगठ्याला निखारा चिकटला हुता. फोड आला, पन दुखलं म्हनाल तर जरासुदीक न्हाई. असा तयार झालाय पाय — काय झालं? असं का बघताय? हसा की, इनोद सांगतोय मी.

बघायचाय? बघा की. हा घ्या, ठेवतो स्टुलावर. जरा धूळ हाय, तुमचा हात भरंल. चपलंला टाचंपाशी भोक पडलंय, नवी घ्यायची ऱ्हाऊन गेलीय, मतदान झालं की घेतो. तर मी काय म्हनत हुतो, एकदा निवडून आलो की बघा, चहा बंद. खुर्चीवरल्या मानसाला नको म्हनता येतंय, लोक म्हनतात, साहेब कामात हायेत. म्हंजे माझा इलाज निवडनुकीतच हाय. थोडं थांबा फकस्त, मग तुमचं पानी निळंच्या निळं ऱ्हातंय का न्हाई ते — ते काय हाय चिमट्यात?

काटा? कुनाचा?

माझ्या पायातनं? आत्ता काढला? आत्ता, मी बोलत हुतो तवा? … बाभळीचा हाय की. केवढा लांब हाय हो. आन हे काय, पू? कवाचा असंल म्हनायचा? काल मी सगळा मळा फिरलो, ह्येच्यावर. परवाबी फिरलो. मानसं हार घालीत हुती … मला काय म्हाईतच न्हाई, डाक्टर. म्हाईतच न्हाई.

दुसरा? घ्या, हा दुसरा. टाचनी लावून बघनार? लावा. थांबा, मी भिंतीकडं तोंड करतो. मला दिसू देऊ नका, न्हाईतर मी उगंच व्हय म्हनीन, मला सवय लागलीय व्हय म्हनायची. हां, लावा आता. … लावा की. कशाला थांबलाय? मी काय ल्हान पोर हाय का रडायला? लावा म्हनतो न्हवं, डाक्टर …

लावली?

…

आत्तापास्नं पथ्य धरलं तर हे बधिरपन हितंच थांबंल म्हनता? गेलं ते येनार न्हाई, पन म्होरं जायचं थांबंल. आन पाय ऱ्हाईल. नक्की? सूड घेतल्यागत पथ्य करावं लागंल, करतो. जखम भरस्तवर चालायचं न्हाई, बरं. एक मिनिट, ती खिडकी उघडा जरा.

ए गोरक्ष! हिकडं ये. हितं, खिडकीखाली. आज फेरी न्हाई म्हनून सांग सगळ्यांना. चहा टाकू नका म्हनावं. … कारन? सांग, काकाला जरा पडसं — थांब. थांब रं. पळू नको. … साखर झालीय म्हनून सांग. मला. व्हय, रोग, चुलत्याला हुता त्योच. … हळू कशाला सांगायचं, मोठ्यानं सांग. बौद्धवाड्यात आदी जा, मास्तरांना सांग, मग बाकीच्यांना. कानिफनाथानं इचारलं तर त्येलाबी सांग. … मत न देईनात का. बघत काय ऱ्हायलास, जा, जीप घेऊन जा तू. मी आज चालनार न्हाई.