मोळी कुणाची?

हॅलो?… हॅलो, हो, अंबरनाथच. आण्णा वकीलच बोलतोय… पुण्याहून? जोडा बाई, जोडा…

हॅलो! कोण, वृंदा?… मिनू! अगं, तू ट्रंक कॉल लावलास? आई कुठंय?… शेजारीच उभी आहे. बरं. मग रडतेस कशाला?… हळू बोल बाळ, खरखर फार येतेय… हो. खरं आहे ते. सोनीच्या आईला शिक्षा झाली. आज दुपारीच… तीन महिने.

नाही, नाही… अगं ऐक ना. सोनीची आई तानी गांजा विकणारी नाही. कोण म्हणालं तुला?… मधू? त्याला म्हणावं, आजोबा विचारतायत, तू मॅजिस्ट्रेट कधीपासून झालास?… हो, गांजा सापडला. तिच्याच मोळीत सापडला. तेही खोटं नाही.

मग कसं म्हणजे?… थांब. असं सांगून नाही कळायचं. जवळ उशी आहे का? आण बघू… हो, उशी. डोक्याखाली घेतात ती. पळ…

हॅलो? बाई, तीन मिनिटं झाली? वाढवा, वाढवा. नात आहे हो पलीकडे…

आणलीस? ठेव डोक्यावर. एका हातानं उशी धर, एका हातानं फोन… पडली? पुन्हा ठेव. सोनीची आई त्या जागी चुंबळ ठेवायची, आठवतं? लुगड्याच्या चिंधीची, गोल… हां. आता डोळे मिट. कल्पना कर, ही उशी नाही, मोळी आहे. वाळक्या ऐनाच्या फांद्या. बदलापूरच्या वरच्या पाड्यावरून उजाडायच्या आत निघालीस. पाय अनवाणी. मागून सोनी येतेय, तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ देऊ… तोच, शेंबडा. तू सुट्टीत त्याला बिस्किट दिलंस आणि त्यानं तुझं बोटच चावलं, तो.

जायचं कुठं? इथून पुढं, कॅम्पात. उल्हासनगर म्हणतात आता, पण पाड्यावरची माणसं कॅम्पच म्हणतात. तिथं सिंधी मंडळींच्या घरोघरी चुली, लाकूड पटकन खपतं… अगं चालतेस ना? मान दुखायला लागली?… लागणारच. अंबरनाथच्या अलीकडे वड आहे, तिथं उतरव मोळी. बस जरा. पाणी पी.

आता ऊठ आणि मोळी परत डोक्यावर घे… जमलं? तुझी हलकी आहे म्हणून. तानीची तुझ्याइतक्या वजनाची होती. ओझं एकट्यानं उतरवता येतं, चढवता येत नाही. दुसरं माणूस लागतंच. म्हणून तिकडची रीत आहे, वाटेनं कुणीही जात असो, "जरा हात लावा" म्हटलं की थांबायचं. भांडण असलेला भाऊसुद्धा थांबतो… हो, मीही लावलाय. कोट काढून.

त्या दिवशी एक सायकलवाला आला. तो तर न सांगताच थांबला. सायकल वडाला टेकवली आणि पाठीमागून हात लावला… मिनू, फोन मधूकडे दे. डोळे उघडायचे नाहीत हं… मधू? लेका, तिच्या उशीच्या अभ्र्यात काहीतरी सरकव. लहानसं. तिला कळता कामा नये… काहीही चालेल. फिदीफिदी हसू नकोस, तिला कळेल. दे परत तिला…

झालं, मिनू? आता मी कॅम्पाच्या नाक्यावरचा पोलीस अंमलदार. खाकी कपडे, हातात छडी… अगं, हसतेस काय! "ए पोरी, ही उशी कुणाची?"… तुझी. नक्की? "मधे कुणी हात लावला?"… नाही ना? मग बघ अभ्र्यात काय आहे ते…

काय?… बाबांची तपकिरीची डबी! अरे वा मधू, हिंमत आहे. आता बाबा आले की चोर कोण?… आता का ओरडतेस? तूच म्हणालीस, उशी माझी. कुणी हात लावला नाही असंही म्हणालीस… नाही, मधूला मारायचं नाही. मीच सांगितलं त्याला. पुस हात, शिंका येतील.

आता रागावलीस ना? तशीच राहा थोडी. तानीचं अगदी असंच झालं.

नाक्यावर त्या दिवशी सगळीच ओझी सोडून बघत होते. हिची मोळी सोडली, तर मधोमध गांजाचं पुडकं. अंमलदारसाहेबानं विचारलं, मोळी कुणाची? आता तू ऐक, जन्मभर हा प्रश्न तानीला एकाच माणसानं विचारलाय. रानातल्या गार्डानं. आणि त्याच्या मनात एवढंच असतं, की दुसऱ्याचं लाकूड तोडलंस का. तेव्हा ही बाई मान ताठ करून म्हणाली, "मोली माझीच हाय. मीच तोरली, मीच बांदली. कोनी हात नाय लावला." तिला वाटलं, आपण चोरीचा आळ झटकतोय… हो ना. आणि साहेबानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर उभी केली, तिथंही ठणकावून तेच.

पुडकं दिसलं नाही का तिला?… दिसलं की. तिला वाटलं, कुणाची तरी तंबाखू पडली. मला म्हणाली, "आण्णा, माजी मोली, पन पुडी नाय माजी." अगं, पण हे मला म्हणाली. तोवर उशीर झाला होता.

मी कुठं होतो? घरीच होतो गं. वाळू आलाच नाही माझ्याकडे. सोनीचे बाबा, वाळू. नंतर आला तेव्हा मी विचारलं, अरे, आधी का नाही आलास? तर म्हणे, "आमाला वाटला लाकडाचा हाय, सोरतील सांजच्याला."

कायदा?… कायदा असा आहे बघ. दारूबंदीच्या कायद्यात नुसती दारू येत नाही, गांजाही येतो. विकलाच पाहिजे असं नाही. जवळ बाळगला, इकडून तिकडं नेला, तरी गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, वर दंड. पुन्हा सापडलं तर आणखी जास्त. आणि अशा वस्तूच्या बाबतीत कायदा आधी धरूनच चालतो की ज्याच्याजवळ सापडली त्याचीच. नसेल तर ती तिथं कशी आली हे त्यानं पटवून द्यायचं… हो, उलटंच आहे. एरवी पोलिसांनी सिद्ध करायचं असतं.

तेच तर मी कोर्टात म्हटलं! शाबास. डोक्यावर असणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं. जे ठाऊकच नाही ते बाळगलं कसं म्हणायचं? मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ऐकून घेतलं, सगळं ऐकलं. मग कागदावर बोट ठेवलं. म्हणाले, वकीलसाहेब, तुमचीच बाई म्हणते कुणी हात लावला नाही. मग पुडकं आत उडून गेलं काय?

सोनीनं सांगितलं ना. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, कठड्याच्या वर नाकच तेवढं दिसत होतं. सायकलवाला कसा होता, त्यानं कॅम्पातलं कुठलं घर सांगितलं, मोळी तिथंच टाक म्हणाला, सगळं न अडखळता सांगितलं… पण लेक आईसाठी बोलणारच, असं म्हणतात मोठी माणसं. साहेबांनी तानीला विचारलं, तू का नाही हे सांगितलंस? मिनू, तिला खरंच कळेना. ओझं चढवून देणं हे काय सांगायचं असतं? तू श्वास घेतलास हे सांगतेस का कुणाला?… हं. सहा महिन्यांचे तीन केले त्यांनी, पहिलीच वेळ म्हणून.

नाही, मी सोडणार नाही. ठाण्याला अपील करणार, उद्याच कागद तयार करतो. तो सायकलवाला सापडला तर… नाही सापडला अजून. खोटी आशा नाही दाखवणार तुला. पण मोळी माझी म्हणणं म्हणजे पुडकं माझं म्हणणं नव्हे, एवढं वरच्या कोर्टाला पटवायचंय.

बाई, हो, झालंच. एकच मिनिट…

सोनी?… सोनीचं काय सांगू… अगं, विचारतेस म्हणून सांगतो. तानीला घेऊन गेले. वाळू आत कागदांवर अंगठा उठवत होता. मी त्याच्याजवळ, दारातून बाहेर बघतोय. व्हरांड्यात सोनी उभी आणि तिच्या पायाशी फडक्यावर देऊ झोपलेला. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई आला. साधा, भला माणूस. कुणी तुडवेल त्याला, म्हणून विचारलं, "काय गं, हे पोर कुणाचं?"

हॅलो… ऐकतेस ना?

सोनीनं त्याच्या खाकी कपड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "मना ठावं नाय."… हो गं. स्वतःच्या भावाबद्दल. आणि सरकली बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली…

रडू नकोस. ऐक, पुढं ऐक… हो बाई, तोडू नका, एवढंच…

मिनू, ती भिंतीकडे वळली खरी. पण एक पाय मागं ठेवला होता तिनं. देऊच्या फडक्याचं टोक अंगठ्याखाली घट्ट दाबून धरलं होतं. शिपाई वाकला, फडकं ओढून बघितलं… तिनं पाय उचलला ना—

हॅलो?… हॅलो, मिनू?… उचलला नाही म्हणतोय… हॅलो?