‘पण’च्या जागी ‘आणि’

बापामुळे. माझ्या बापामुळे, दुसऱ्या कुणामुळे नाही. तुम्ही विचारलंत ना काका, हा कागद बघून तोंड एवढं वाकडं का केलंस म्हणून — तर सांगितलं. आणि जरा या बाजूला येऊन उभे राहा. नाही, इकडे, माझ्या उजवीकडे — तिकडे काचा उभ्या केल्यात, हात कापून घ्याल. हं. आता बोला. सोनेरी पट्टी हवी? सोनेरीच लावू. मोठी फ्रेम, मुलीच्या टेबलासमोर, सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच दिसलं पाहिजे — कळलं. ‘यशस्वी आणि समाधानी जीवनाची तत्त्वं.’ छापलंय झकास. सूर्य उगवतोय, डोंगराच्या टोकावर एक माणूस हात पसरून उभा आहे — वर चढला कसा हे मात्र विचारायचं नाही, पायात त्याच्या साध्या चपला आहेत, बघा नीट. लवकर उठा. ध्येय ठरवा. अपयशाला घाबरू नका. ठीक आहे. ही सगळी बिनविषारी आहेत, भिंतीवर टांगली तरी भिंतीचं काही बिघडत नाही. हे शेवटचं चावतं. हे — ‘आपल्या बोलण्यातून “पण” हा शब्द हद्दपार करा.’ हे मी आमच्या घरात राहून बघितलंय.

बसा की, स्टूल आहे. घाई नाही ना? मामाचं दुकान आहे हे, मामा जेवायला गेलाय, तो असता तर मला एवढं बोलू दिलं नसतं — गिऱ्हाइकाशी मापाचं बोलावं म्हणतो. तर बाप. गोदामात सुपरवायझर. त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा मॅनेजर झाला आणि बाप तिथेच राहिला, त्याच खुर्चीत, त्याच पंख्याखाली. मग कंपनीनं सगळ्यांना एका हॉलमध्ये नेलं, व्यक्तिमत्त्व विकासासाठी. एक सर आले होते, सूट घातलेले, कानाला माइक लावलेला, स्टेजवर पिंजऱ्यातल्या वाघासारखे इकडून तिकडे. ते म्हणाले — ‘पण’ बोलू नका, ‘पण’ करा! एक ‘पण’ सबबीचा, दुसरा ‘पण’ प्रतिज्ञेचा. हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला म्हणे. आणि बापाला वाटलं, सापडलं. इतकी वर्षं माझी बढती अडवली कुणी? ‘पण’नं! साहेबानं नाही, साहेबाच्या मेव्हण्यानं नाही — ‘पण’नं. शत्रू सापडला की माणूस किती खूष होतो बघा, आणि शत्रू एवढासा, दोन अक्षरी, घरातल्या घरात मारता येईल असा.

घरी येऊन नियम केला. कुणी ‘पण’ म्हटलं की बाप बोट वर करणार. वाक्य तिथेच थांबवायचं, ‘पण’च्या जागी ‘आणि’ घालायचा आणि पहिल्यापासून परत म्हणायचं. बरोबर म्हटलं की बाप टाळ्या वाजवणार. हसताय? आम्हीही हसायचो सुरुवातीला. आई म्हणायची, ‘भाजी करपली आणि चांगली झालीय.’ टाळ्या. ताई तर चेष्टाच करायची — ‘बाबा, लहानपणी म्हणू की लहानआणि म्हणू?’ एकदा जेवताना म्हणाली, ‘मला पण वाढ’, बापाचं बोट वर, तर लगेच म्हणते, ‘मला आणि वाढ’ — आईनं खरंच आणखी वाढलं. ताईनं असं हसून हसून निभावून नेलं आणि लग्न करून सुटली. मी धाकटा. मी मूर्ख. मला ते पटलं होतं काका. माझा बाप इतका आनंदात मी त्याआधी बघितलाच नव्हता, मला वाटलं एका शब्दानं जर घर एवढं बदलत असेल तर गेला तो शब्द खड्ड्यात.

आणि आत्या, चुलते, शेजारचे निवृत्त मास्तर — सगळे माना डोलावणारे. ‘घर असं असावं! एक तक्रार ऐकू येत नाही!’ येईल कशी? तक्रारीनं वाजवायची कडीच दारावरून काढून ठेवली होती.

मग मी पॉलिटेक्निकला गेलो आणि त्या वर्षी माझा कान दुखायला लागला. सर्दी झाली होती, ती उतरली आणि कान राहिला. एका सकाळी बाप बूट घालत होता, मी म्हणालो, ‘बाबा, कॉलेजला जातोय, पण कान ठणकतोय.’ बोट वर. मी परत म्हणालो, ‘कॉलेजला जातोय आणि कान ठणकतोय.’ आणि बापानं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एक बूट पायात, एक खाली, आणि टाळ्या. पाठीवर थाप मारली, ‘वाघ आहेस!’ आणि गेला गोदामात.

ते वाक्य मी नंतर फार घोळवलं डोक्यात. दोन्ही गोष्टी आहेत त्यात, एक अक्षर खोटं नाही — तरी ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. ‘पण’ म्हटलं की माणूस थबकतो. मागं वळून बघतो. ‘पण’ म्हणजे अहो थांबा जरा, खरं पुढेच आहे. आणि ‘आणि’ म्हणजे चाललंय, चालू दे.

तर चालू दिलं. कानातून पाणी यायला लागलं, मग पाणी नाही ते, घाण, वास यायचा. मी कापूस घालायचो. आई? आईला माहीत होतं. उशीचा अभ्रा रोज कोण बदलत होतं? तिनं एकदा तोंड उघडलं — ‘अहो, अभ्यास करतो तो, पण त्याचा कान—’ बोट वर. ती आत जाऊन अभ्रा धुवायला लागली. सगळे आईची बाजू घेतात, बिचारी म्हणतात. मी नाही घेत. तिला बोटाची भीती वाटली, आणि मला वासाची सवय झाली, एवढंच.

कॉलेजात माझं नाव ‘काय’ पडलं. सर काही म्हणाले की मी — काय? मित्र काही म्हणाले की मी — काय? ‘ए काय, चहाला येतोस का?’ मी हसायचो. हसणारा पोरगा सगळ्यांना आवडतो. मग तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे सर आले होते, माझ्या डाव्या हाताला बसले. त्यांनी काहीतरी विचारलं, मी म्हणालो ‘हो सर’. त्यांनी परत विचारलं, मी परत, जास्त उत्साहात, छाती काढून — ‘हो सर!’ त्यांनी चष्मा काढला. नंतर मित्रानं सांगितलं, ते विचारत होते, ‘तुम्ही चेष्टा करताय का माझी?’

तिथून उठलो तो परत वर्गात गेलो नाही. कान मात्र तोवर असा सुजला की मागं गाठ आली, ताप चढला, तोल जायला लागला, तेव्हा नेलं दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चिडल्या. आतलं हाड पोखरलंय, इतके महिने काय करत होतात? आणि बाप काय म्हणाला सांगू? ‘यानं सांगितलंच नाही.’ मी तिथेच होतो, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. सांगितलंच नाही! अरे, तू टाळ्या वाजवल्यास ना त्याच्यावर!

ऑपरेशन झालं. घरी येताना गाडी बाप चालवत होता. रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘एक कान गेला आणि एक आहे.’ शपथेवर सांगतो, तो टाळ्याच वाजवणार होता, हात स्टीअरिंगवर होते म्हणून राहिलं.

नाही, पाणी नको मला. तुम्ही घ्या.

बाप अजून त्याच खुर्चीत आहे. त्याच पंख्याखाली. मी कॉलेज सोडलं हे लोकांना सांगताना म्हणतो, ‘त्यानं शिक्षण सोडलं आणि कला क्षेत्रात आहे.’ हे कला क्षेत्र, बघा — हा पुठ्ठा, हे खिळे, हा डिंक.

तुमची मुलगी काय म्हणते या कागदाबद्दल? काहीच नाही? हसतमुख आहे. बरं. एक तक्रार करत नाही कधी. बरं. हल्ली जरा कमी बोलते, अभ्यासामुळे — असेल, अभ्यासामुळे असेल. मी कोण सांगणारा? तुम्ही मुलीवर जीव टाकता ते दिसतंय, सोनेरी पट्टी उगाच नाही कुणी मागत. बापही जीव टाकत होताच की. मी फ्रेम करून देणार, नाही म्हणणार नाही, मामा मला हाकलेल. फक्त एक विचारतो. कागदाभोवती हा पुठ्ठ्याचा माउंट येतो ना, आतून कापलेला, तो मी खालच्या बाजूनं जरासा वर धरला तर शेवटची ओळ त्याच्याखाली जाते. फाडायचं नाही, खोडायचं नाही, कुणाला कळणारही नाही. डोंगर राहील, सूर्य राहील, लवकर उठाही राहील. तुमचं ते शेवटचं तेवढं झाकलं जाईल, आणि पोरीला घरात ‘पण’ म्हणायला जागा राहील. सांगा. झाकू?

विचार करा, करा. मी मापं घेतो तोवर.

निघालात? बरं, उद्या संध्याकाळी या, तयार असेल. पण काका, ते झाकायचं का ते — काय? काय म्हणालात? अहो, दारातून नका बोलू, पाठ फिरवून नका बोलू, इकडे येऊन सांगा. हो म्हणालात की नाही म्हणालात? दार डावीकडे आहे माझ्या. डाव्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही.