अमरावतीची रिकामी पेटी

जानराव : रविवार, सोळा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे, आणि हा तुझा चौथा फोन, गजेंद्र. सांग, तुझी अकोल्याची ती फोटो साठवायची पेटी काय म्हणते?

गजेंद्र : टिकटिक करून राहिली, दादा. एकही फोटो लवकर उघडून नाही राहिला. तुमी पॉलिटेक्निकात शिकवलं, म्हणून म्हटलं तुमालेच इचारावं.

जानराव : साऱ्या घराने फोटो तुझ्या पेटीत ठेवायचे आणि दुखणे मी पाहायचे. बरे. सेटिंगमध्ये टर्मिनल उघड. एसएसएचसमोर खूण कर, म्हणजे लॅपटॉपवरून पेटीत जाता येईल.

गजेंद्र : केली.

जानराव : आता लॅपटॉपवर काळी खिडकी उघड. मी सांगतो ती आज्ञा अक्षर अक्षर टाइप कर, आणि पेटीच्या आत शीर.

गजेंद्र : शिरलो. बाप्पा बाप्पा! अंधाऱ्या कोठीत आल्यावानी वाटते.

जानराव : दिवा लावू. आता डिस्कची तपासणी. स्मार्टसीटीएल, एक जागा सोड, उणे ए...

गजेंद्र : डॅश म्हणा ना, दादा.

जानराव : डॅश. खराब सेक्टर किती दाखवतो?

गजेंद्र : एकशे चौऱ्याऐंशी.

जानराव : माझ्या डिस्कवर शून्य.

गजेंद्र : राहीनच ना! तुमच्या पेटीत हाय काय?

जानराव : पेटी आधी मी घेतली, गजेंद्र. आणि माझ्या वर्षालीने आचलचे जन्मापासूनचे फोटो काकाच्या घरी ठेवले. माझ्या नातीचा पहिला वाढदिवस मी तुझ्या टीव्हीवर पाहिला.

गजेंद्र : ते सोडा. डिस्क वाचते का?

जानराव : वाचणार नाही. आजच सगळे फोटो बाहेर काढ आणि इकडे अमरावतीला, माझ्या पेटीत पाठव.

गजेंद्र : तुमच्या पेटीत माह्यं खातं कुठं हाय?

जानराव : नाही, आणि उघडणारही नाही. वर्षालीचे वापर. पासवर्ड चौदा अक्षरी आहे, लिही.

गजेंद्र : टाकला... दादा, 'खातं बंद' म्हणते.

जानराव : अशक्य. तीनदा चुकले तरच कायमचे बंद होते. वर्कशॉपची शिस्त आहे ती. चुकले कोण?

गजेंद्र : वर्षालीच. आचल आठ दिवसांची होती, मांडीवर. पोरगी एका हातानं तुमचे चौदा अक्षरं टाइप करून राहिली होती.

जानराव : मंग मले काहून नाही इचारलं तिनं?

गजेंद्र : तुमी म्हणले असते, आधी पाठ कर. म्हणून माह्याकडं आली. माह्या पेटीचा पासवर्ड आईचं नाव हाय, पार्बता.

जानराव : आणि तो फोनवर ओरडून सांगतोस. ठेव आता.

गजेंद्र : रागावले का?

जानराव : नाही. खाते उघडतो. मग वर्षालीला फोन करून विचारतो, तिला कोणता पासवर्ड हवा ते.

(संध्याकाळी, पाचवा फोन.)

गजेंद्र : गेले सारे, दादा! पाचसहा अडले होते, तेही निघाले. माह्याकडं चार हजार सहाशे बारा फोटो. तुमच्याकडचे मोजा.

जानराव : मोजले. पुन्हा मोजले.

गजेंद्र : कमी भरले का?

जानराव : वर्षालीने दुपारी एक फोटो थेट इकडे पाठवला. आचल संत्रे सोलते आहे, अर्धे तोंडात, अर्धे फ्रॉकवर. तुझ्याकडे नाही तो.

गजेंद्र : मंग धाडा ना मले.

जानराव : धाडीन. उद्या.

गजेंद्र : म्हणजे तुमचे किती झाले?

जानराव : चार हजार सहाशे तेरा.