चौथ्याऐवजी पाचवा

नोकरीच्या नोंदणीसाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे एक लिफ्टमनकाका बायकोसोबत उभे होते.

“साहेबांना चौथ्याऐवजी पाचव्या मजल्यावर सोडलं, म्हणूनच काढलं मला.”

“महिनाभर तेच! घास उतरत नाही घशाखाली तुमच्या. त्या पुढच्या दादांना विचारा बरं.”

“दादा, तुम्ही?”

“मीही लिफ्टमन. एकवीस वर्षांत एकदाही मजला चुकलो नाही.”

“मग का काढलं?”

“लोकांना स्वतःच बटण दाबता येतं, असं मालकांच्या लक्षात आलं.”

“आणि तुमच्या पुढचे?”

“तेही लिफ्टमन. ते लिफ्टमध्ये झोपायचे. त्यांनाही माझ्याबरोबरच गेल्या महिन्यात काढलं.”

“ऐकलंत?”

“म्हणजे साहेबांना चौथ्यावर सोडलं असतं तरी…”

“तरी इथंच आला असतात. आज जेवाल ना?”

“जेवतो गं. पण नोकरी का गेली म्हणून लेकीनं विचारलं तर?”

“सांगा, काढलेल्या लिफ्टमनची रांग फार लांब होती.”