दोनदा टकटक

कानाच्या डॉक्टरांकडे बरीच गर्दी होती. शेजारच्या बाकावर लेकीबरोबर बसलेल्या म्हातारीला कमी ऐकू येत असल्यामुळे ती मोठ्याने बोलत होती. त्यामुळे तिथे बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना कान टवकारावेही लागले नाहीत.

"तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावला, आता भोगतेय."

"आई, हळू बोल. सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत. तू लहान होतीस, तापाने फणफणली होतीस. शेजारच्या काकूंकडून फोन केलास. 'आई, घरी ये,' म्हणालीस. आणि मी काय म्हटलं? 'आपला नंबर चुकलाय.' पोटच्या पोरीला!"

"मागे सुपरवायझरबाई उभ्या असतील. कामावर घरचे फोन चालायचे नाहीत ना."

"असोत ना! ते वाक्य अजून खुपतं मला."

"मला ते आठवतही नाही. टकटक मात्र आठवते."

"कसली गं?"

"मी फोन केला की ठेवण्याआधी तू माइकवर पेन्सिलीने दोनदा वाजवायचीस. त्या दिवशीही वाजवलंस."

"हाताची सवय असेल मेली."

"मग काकू स्वतः फोन लावायच्या तेव्हा का नाही वाजायचं? विचारलं होतं मी त्यांना. त्या म्हणाल्या, 'आमच्यासाठी कोण वाजवतंय बाई!' ती टकटक ऐकूनच झोप लागली मला."

म्हातारी पदराशी चाळा करत राहिली.

आतून तिचा नंबर पुकारला गेला, पण तिला ऐकू गेला नाही. लेकीने तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने दोनदा टकटक केलं.

"आले गं, आले," म्हणत म्हातारी उठली.