राखलेल्या कोपऱ्यातली मरळ

मंडळी, तळं राखील तो पाणी चाखील, असं आपण हसत हसत म्हणतो. मी विचारतो, चाखावं का त्यानं? सांगा की! बरं, आधी ही गोष्ट ऐका.

भंडाऱ्याकडं एक मोठं तळं. तिथल्या मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष दौलत नान्हे, ढिवर समाजाचा. ह्या सोसायटीनं काय करावं? जाळं अडकतं म्हणून तळ्यातलं गवत ट्रॅक्टर लावून मुळासकट ओढून काढलं! पाणी कसं लख्ख झालं! — आणि मासे? अहो, गवत म्हणजे त्यांची बाळंतिणीची खोली. तीच मोडल्यावर पिल्लं कुठं वाढणार? मासे गेले, पाखरं गेली, जाळी खुंटीला लागली.

दौलतच्या जिवाला ते फार लागलं. हुकूम त्याचाच होता ना! त्यानं सगळ्यांपुढं हात जोडले. एका कोपऱ्यात गवत पुन्हा लावलं आणि ठरलं, तिथं कुणीच जाळं टाकायचं नाही. नुसता मासा राखता येत नाही बाबांनो. गवत, चिखल, पाखरू, सगळं मिळून राखावं लागतं. हळूहळू गवतानं मूळ धरलं, त्यात मासे दिसू लागले.

आणि देवानं परीक्षा घेतली! लेक रेवती पहिलटकरीण, माहेरी आली. डोहाळे कशाचे? तळ्यातल्या मरळ माशाचे! चव मला विचारू नका, मी माळकरी — पण डोहाळे ते डोहाळे. मरळ उरली होती फक्त त्या कोपऱ्यात. बायको म्हणाली, एकच तर काढायचीय. शेजारी म्हणाले, अध्यक्षाला कोण अडवतंय?

दौलत जाळं खांद्यावर टाकून निघाला. बापच तो! काठावर जाऊन बघतो — तर सोसायटीची माणसं आपापली जाळी मांडीवर घेऊन बसलेली. ह्याचं जाळं पाण्यात पडलं की त्यांचंही पडणार होतं.

दौलतनं जाळं खांद्यावरून उतरवलंच नाही. तो तसाच घरी फिरला.

“रेवती,” तो म्हणाला, “आज तुझा बाप तुला नाही म्हणतोय गं.”

लेक रडली, जेवली नाही. दौलतनंही ताट सारलं. खोटं कशाला सांगू, तिचा रुसवा बारशापर्यंत टिकला. पण काठावरची माणसं त्याच संध्याकाळी उठून घरी गेली, आणि कोपरा राहिला.

आता तुमच्याकडं येतो. गावच्या कमिटीत नियम करताना सगळ्यांच्या आधी हात वर करता. मग आपल्या पोरासाठी, आपल्या बोअरसाठी तोच नियम ‘एवढ्या वेळेला’ वाकवता! आज घरी जाताना जरा मागं वळून बघा — तुमचं जाळं पडायची वाट बघत किती जण बसलेत.