तिसऱ्या ग्लासाची परीक्षा

नियेले : अजून नाही, सुंगालो! चहाचा तिसरा ग्लास झाला की विचारायचं. लेकीनं फोनवर सांगितलंय, मध्ये जरा वेळ जाऊ द्यायचा.

सुंगालो : तुझा चहा उकळेपर्यंत मीच माझं नाव विसरेन. मघाशी तुला पाच शब्द दिले, त्यातला 'गाढव' तेवढा माझ्या लक्षात आहे.

नियेले : घरचाच तो. राहणारच.

सुंगालो : आणि तुला नाही आले तर?

नियेले : तर रंगाचे हंडे पालथे घालायचे आणि बामाकोला लेकीच्या सोफ्यावर बसून मरायचं. हलवायला सामान आहे का मी? अख्ख्या सेगूच्या नवऱ्या माझ्या हातचं निळं नेसून नांदायला गेल्यात!

सुंगालो : त्यातल्या कितींचे नवरे पहिल्याच रात्री निळे झाले, तेही सांग.

नियेले : गप. घे, तिसरा. ऐक आता. कंगवा, नदी, चावी, आंबा... आणि तू.

सुंगालो : मी?

नियेले : गाढव! आले पाचही! लावते लेकीला फोन.

सुंगालो : फोन ठेव खाली.

नियेले : का? पोटात दुखलं?

सुंगालो : आज मी दारात आलो, तेव्हा काय म्हणालीस?

नियेले : रात्र नीट गेली का, घरचे बरे आहेत का. सगळे विचारतात तेच.

सुंगालो : सगळे विचारतात. तू नाही. माझ्यासारखा केइटा दारात आला आणि तुझ्यासारख्या कुलिबालीनं त्याला 'चवळीखाऊ' म्हटलं नाही, असं कधी झालंय? एकमेकांना थट्टेनं शिव्या द्यायचा आज्यापणज्यांपासूनचा हक्क आहे हा आपल्या दोन घराण्यांचा. तुझ्या नवऱ्याच्या मातीलाही तू मला तेच म्हणालीस. लोक रडता रडता हसले. काल नाही म्हणालीस. आज मी मुद्दाम तुला 'चवळीखाऊ' म्हटलं, तर म्हणालीस, जेवून जा.

(नियेले किटली विस्तवावरून उतरवते.)

नियेले : म्हटलं, म्हातारपणी तरी चांगलं वागावं.

सुंगालो : थापा मारू नकोस.

नियेले : ...लेकीला सांगणार तू?

सुंगालो : तूच सांगशील. आधी दवाखान्यात जाऊ, मी येतो बरोबर. हंडे कुठे पळून जात नाहीत.

नियेले : आणि तोवर?

सुंगालो : रोज सकाळी येईन. आधी मी शिवी देईन, मग तू दे.

नियेले : आणि मला नाही आठवली तर?

सुंगालो : तर दोघांच्या मीच देईन.